पुढचा वाढदिवस कुणाचा

आमच्या बाबांना त्या वर्षी एकच प्रश्न पडला होता आणि तो ते दिसेल त्याला विचारायचे. टीव्हीवर निवडणुकीचे अंदाज सुरू झाले, रंगीत पट्ट्या वरखाली व्हायला लागल्या, की बाबा चष्मा कपाळावर सरकवत.

"समद्या देशाचा कौल म्हणून राह्यले. मला कुणी इचारलं? तुला इचारलं? मंग हे आकडे आले कुठून?"

ते आकडे जिथं तयार होत, तसल्याच एका खोलीत मी कामाला होते, हे माझं दुर्दैव. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि जालन्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर फोनवरून मतदारांचं मत विचारायचं तात्पुरतं काम निघालं होतं. मला नोकरी नव्हती, आवाज खणखणीत होता आणि अनोळखी माणसाशी बोलायची लाज मला लहानपणापासूनच नाही. घेतलं त्यांनी. रविवारी मी एसटीनं तीर्थपुरीला उतरून गावी यायची, तर बाबा ओसरीवर माझी वाट बघत असायचे. लेक आली याचा आनंद दोन मिनिटं टिके. मग जाब सुरू होई.

मी समजावून सांगायची. बाबा, नंबर आम्ही लावत नाही, यंत्र लावतं. कुणाचा लागेल हे यंत्रालाही ठाऊक नसतं. डोळे झाकून चिठ्ठ्या उचलाव्यात तसं ते आहे. थोडीच माणसं विचारायची, पण पक्षपात न करता निवडलेली, म्हणजे सगळ्यांचा कल कळतो. शितावरून भाताची परीक्षा.

चुलीपाशी आई भाकरी थापत होती. ती सहसा आमच्या वादात पडत नाही. त्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "वरच्या शिताला काय म्हाईत, खाली भात करपला ते?"

बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी ते वाक्य आठवडाभर स्वतःचं म्हणून गावात वापरलं.

मग मी त्याचाही खुलासा केला. फोनवर बायका कमी येतात, खेड्यातल्या वयस्कर बायका तर फारच कमी. म्हणून ज्या येतात त्यांच्या उत्तराला हिशोबात जास्त वजन देतात, म्हणजे सगळं बरोबरीला येतं. बाबांनी उभा जन्म मोसंबी काट्यावर चढवण्यात घालवलेला. ते ताडकन म्हणाले, "म्हंजे पासंग! काट्यात खोट हाय हे कबूल करायचं आन् वरून पासंग लावायचा. झकास धंदा हाय तुमचा."

मी चिडायची. खरं सांगायचं तर माझा राग बाबांवरच गेलाय आणि तो नाकावर असतो. पण आत कुठंतरी मला कळत होतं की बाबांचा तो प्रश्न निवडणुकीचा नव्हताच.

आदल्या वर्षी आमची मोसंबीची बाग गेली होती. बाबांनी स्वतः लावलेली, दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेली बाग. झाडांच्या बुंध्यातून डिंक यायला लागला होता, फांद्या वाळत होत्या, उत्पन्न काही राहिलं नव्हतं. बाबा आत्याकडं लग्नाला गेले होते तेव्हा माझ्या भावानं जेसीबी बोलावला आणि दिवसभरात रान मोकळं केलं. भावाचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. विचारलं असतं तर कुरकुरत का होईना, बाबांनी हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही. आई घरीच होती. तिनं जेसीबीवाल्याला चहा दिला.

बाबा परतले, बांधावर जाऊन उभे राहिले, आणि घरी येऊन जेवले. भांडण झालं नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी शेताबद्दल मत देणं सोडलं आणि देशाबद्दल मत देणं सुरू केलं.

आमच्या खोलीतले नियम कडक होते. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, उत्तराला "वा" म्हणायचं नाही, हसायचं नाही, उसासा टाकायचा नाही. शिकवायला आलेले साहेब सांगायचे की ही पद्धत अमेरिकेतली. तिथं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी असाच फोन करून सगळ्या देशाचा कल काढतात. त्यातला एक नियम मला फार आवडला होता. जो फोन उचलेल त्यालाच विचारायचं नाही, कारण घराघरात फोन उचलणारा माणूस ठरलेला असतो आणि मग सगळ्या देशात त्याच जातकुळीच्या माणसांचं मत मोजलं जातं. म्हणून आधी विचारायचं, घरातल्या अठरा वर्षांवरच्या माणसांत पुढचा वाढदिवस कुणाचा? ज्याचा असेल त्याच्याशीच बोलायचं. वाढदिवसावर कुणाची सत्ता चालत नाही.

अमेरिकेत चालत नसेल. आमच्याकडं पहिल्याच दिवशी पंचाईत झाली.

"एक जून."

"आणि तुमच्या मंडळींचा?"

"त्याबी एक जूनच्याच."

"वडिलांचा?"

"एक जूनच लिवा की. समद्यांचा एकच हाय."

शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराची उंची बघत, दात बघत आणि वर्ष अंदाजानं ठरवून तारीख एक जून टाकत. आमच्या बाजूची दोन पिढ्यांची माणसं अशी एकाच दिवशी जन्मलेली आहेत. साहेबांनी डोक्याला हात लावला. "हे काय, सगळे जत्रेत जन्मले का?" दुपारी वरून निरोप आला की तारीख सारखी असेल तर त्यांच्यात वयानं लहान असेल त्याला विचारा.

लहान म्हणजे बहुतेक घरांत बायको. आणि मग सुरू झाली थापांची शर्यत. "घरात मी एकटाच हाय," म्हणणाऱ्याच्या मागं कुकरची शिट्टी आणि बांगड्यांचा आवाज. कुणी म्हणे मीच लहान, कुणी म्हणे तिला काय कळतंय, मीच सांगतो. मी हे घरी सांगितलं तर बाबा भडकले. "एवढ्याश्या गोष्टीला खोटं? आन् बायकोदेखत? बिलकुल लाज न्हाई."

"तुमचा तरी कुठं खरा हाय?" आई म्हणाली. "आन् मला तर तारीखच नव्हती."

तेही खरं. आई शाळेत गेलीच नाही. आधार कार्ड काढताना तिथल्या माणसानं तिची जन्मतारीख विचारली, तर बाबा म्हणाले होते, "महीच टाका." आई अजून म्हणते की बाबांना जल्दी होती, मोसंबीची गाडी भरायची राहिली होती. मला वाटतं त्यांच्याजवळ एकच तारीख होती, ती त्यांनी तिला दिली.

माझी कामाची मुदत संपली आणि मी गावी आले. मतदान अजून पुढं होतं. एका दुपारी बाबा ओसरीवर बाजेवर पडले होते, आई सुपात तुरीची डाळ पाखडत होती, भाऊ अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. बाबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर कायम चालू असतो.

पहिलंच वाक्य ऐकलं आणि मी उठून उभी राहिले. ते वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. बोलणारी मुलगी ओळखीची नव्हती, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या खोलीतली असणार, पण शब्द न् शब्द आमचा होता. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं. बाबा उठून ताठ बसले, आणि उशाची टोपी काढून डोक्यावर घातली. फोनवर बोलायला टोपी!

घरात कुणी अशा सर्वेक्षणाच्या कामात आहे का, असं मुलीनं विचारलं. असेल तर फोन तिथंच ठेवायचा असतो. "पोरगी होती. संपलं तिचं काम," बाबा म्हणाले. पलीकडं ती जरा थांबली आणि पुढं गेली. माझा जीव भांड्यात पडला.

"घरातल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तींत पुढचा वाढदिवस कुणाचा आहे?"

बाबांनी प्रामाणिकपणे आठवलं. भावाचा दिवाळीत, वहिनीचा श्रावणात, माझा त्याच्याही पुढं. "मह्या आधी कुणाचा न्हाई," ते म्हणाले. "एक जून." वर्षभर ज्याची वाट बघितली ते हातात आल्यावर आवाज कसा होतो ते मी तेव्हा ऐकलं. आणि मग कुणी विचारलेलं नसताना हा माणूस म्हणाला, "पण मालकीणबाईचाबी एक जूनच हाय."

"मग दोघांत वयानं लहान कोण, काका?"

ओसरीवर शांतता झाली. ही शांतता मी फोनच्या दुसऱ्या टोकाकडून कितीदा तरी ऐकली होती आणि तिच्यामागून कसली थाप येते तेही मला पाठ होतं. सगळे नियम माहीत असून मी मनात म्हणत होते, बाबा, मारा एक थाप, तुमचा हक्क आहे.

"ती," बाबा म्हणाले. आणि त्यांनी फोन आईपुढं धरला. "घे. तुला इचारू राह्यले."

आईनं सूप खाली ठेवलं. "मला कशाला? बाई, यांनाच इचार. हे कवाचे वाट बघू राह्यले."

"नाही मावशी, तुम्हालाच विचारावं लागेल."

आईनं पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

पहिला प्रश्न होता, तुमच्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न कोणता? याला माणसं दोन शब्दांत उत्तर देतात. पाणी म्हणतात, भाव म्हणतात, रस्ता म्हणतात. आईनं एकवार बाबांकडं बघितलं.

"लिहून घे," ती म्हणाली.

आणि तिनं बाबांचं भाषण सुरू केलं. कॅनॉलचं पाणी शेवटच्या माणसापर्यंत का येत नाही, इथपासून. मग कापसाचा भाव, मग आमची गाडी मोंढ्याच्या बाजारात पोचली की भाव बराबर त्याच दिवशी कसा पडतो ते. बाबा ज्या क्रमानं बोलतात त्याच क्रमानं. ते जिथं थांबतात तिथं थांबून, जिथं "बिलकुल" म्हणतात तिथं "बिलकुल" म्हणून. चुलीपाशी खाली मान घालून बसलेली ही बाई इतकी वर्षं एकेक शब्द ऐकत होती. बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

पण आई तिथं थांबली नाही.

"आन् आमची मोसंबीची बाग होती. दुष्काळात यांनी अंगोळ सोडली आन् ते पाणी झाडाला घातलं. गेल्या साली काढून टाकली. काढायचीच येळ आल्ती, ते बराबर हाय. पण ज्यानं लावली त्याला इचारलं न्हाई. इचारायला पाह्यजे होतं. मी घरी होते, मीबी तोंड उघडलं न्हाई. घरात जुन्या माणसाला कुणी इचारत न्हाई, हा मोठा प्रश्न हाय. लिहिलं का?"

पलीकडच्या मुलीनं नियम मोडला. ती उसासा टाकून म्हणाली, "लिहिलं, मावशी."

मला माहीत होतं, एवढं सगळं त्या रकान्यात मावत नाही. ती "इतर" वर बोट दाबणार आणि पुढं जाणार. तरी मला आईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. अंगणात पंपाची खुडबुड थांबली होती.

कुणाला मत देणार, हा प्रश्न आला तसा आईनं फोन माझ्यापुढं धरला. "हे मोठ्यानं बोलतंय ते बंद कर." मी केलं. ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. बाबा, मी आणि भाऊ, तिघंही बंद दाराकडं बघत बसलो.

ती बाहेर आली आणि पुन्हा डाळ पाखडायला लागली.

"कुणाचं नाव सांगितलं?" बाबांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"गुपित असतंय म्हणं ते."

बाबा माझ्याकडं वळले. "हिच्या उत्तराला वजन जास्त का गं?"

"हो बाबा. जास्त."

"बराबर हाय," बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पासंगाचं नाव काढलं नाही.

दिवस कलल्यावर भाऊ अंगणातून आला. हात तेलानं काळे झालेले. तो ओसरीच्या पायरीवर बसला, बराच वेळ हातच पुसत राहिला आणि मग जमिनीकडं बघत म्हणाला, "बाबा, त्या मोसंबीच्या रानात यंदा काय लावावं?"

मी मनात म्हटलं, आता रात्रीच्या जेवणापर्यंत सुटका नाही. बाबांनी डोक्यावर तशीच राहिलेली टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि सुपाच्या आवाजाकडं मान वळवली.

"तुह्या मायला इचार," ते म्हणाले. "तिला मह्यं समदं पाठ हाय."