बारा बायकांच्या रोवणीचं वेळापत्रक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या मोठ्या वहिनीचे आहेत. मी चौथी पास झालो तेव्हा थोरल्या भावाने मला नांगरामागे उभं करायचं ठरवलं होतं. "घरात कागद वाचणारा एक तरी माणूस पाहिजे," असं म्हणत चुलीपुढून उठून आली ती वहिनीच. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पुढे मी गोंदियाला शाळेत असताना ती महिन्याकाठी तिरोड्याहून पॅसेंजरने यायची, तांदळाचं गाठोडं माझ्या खोलीच्या दारात ठेवायची, "अभ्यास करून राहिला ना?" एवढंच विचारायची आणि परतीची गाडी धरायची. मी जो काही झालो तो त्या गाठोड्यांवर झालो. म्हणूनच त्या वर्षीच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, मी तिचं काय केलं ते लिहिणं मला भाग आहे.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी नागपूरला गणित घेऊन बी.ए. झालो होतो. आमच्या घरातला पहिला, गावातलाही पहिला. वहिनीने घरोघर गूळ वाटला. मास्तरकीचा हुकूम यायचा होता, तोवर मी गावी होतो आणि डोक्यात भरलेलं गणित कुठे तरी वापरावं म्हणून हात शिवशिवत होते.

आमच्याकडे रोवणीला मजुरी नसे. सहा घरांनी मिळून घरटी दोन अशा बारा बायकांची टोळी केली होती. ही टोळी प्रत्येक घराला तीन दिवस देई आणि चौथ्या दिवशी पुढच्या घराच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, उतरे. पाळी चुकली की सगळी घरं आटपेपर्यंत थांबावं लागे. तोवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, जून होऊन जात. मग ती लावली तरी त्यांना फुटवे येत नसत. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी पाटाने दारात येई, पण बायका दारात येण्याचे दिवस तीनच. आमच्या पाच बांध्या होत्या. त्या तीन दिवसांत लावून झाल्या पाहिजेत, नाही तर वर्षाचा भात गेला.

ज्याच्या घरची पाळी त्या घरची बाई रोवणीची ओळ लावी, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवी. पण बहुतेक घरं माझ्या वहिनीलाच विचारत. तिने लावलेली ओळ दिवस मावळायच्या आत धुऱ्याला, म्हणजे पलीकडच्या बांधाला, लागते, असा तिचा नावलौकिक होता. त्या वर्षी मी तिला म्हणालो, "वहिनी, यंदा आपल्या बांध्यांचं मी ठरवतो. गणिताने."

ती हसली. "ठरव ना बाबू. तुले शिकवलं कायले मंग?"

पुस्तकातली काळ-काम-वेगाची गणितं मला तोंडपाठ होती. अ एक काम सहा दिवसांत करतो, ब बारा दिवसांत करतो, दोघे मिळून किती दिवसांत करतील? मला फक्त आमच्या अ आणि ब यांचे वेग हवे होते. टोळी पहिल्या घरी रोवत होती तेव्हा मी मित्राकडून आणलेलं मनगटी घड्याळ बांधून, वही घेऊन त्यांच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. वहिनी त्या दिवशी आमचे पऱ्हे उपटायला घरच्या शेतात होती. माझ्याजवळ असती तर बरं झालं असतं.

शेजारच्या घरची सून कमरेत वाकलेलीच होती. तिने मान तिरकी करून विचारलं, "काय गा बाबू, आमची शिरगणती करून राहिला का?"

"नाही. कोण किती वेगाने रोवते ते मोजतो आहे."

"कायले?"

"त्याप्रमाणे काम वाटून द्यायला."

बायका गात होत्या, ते गाणं थांबलं. मला वाटलं, माझा मान ठेवून थांबल्या. मी एकेकीची पाच-पाच मिनिटं घेतली, रोपं मोजली, वहीत मांडली. निकाल पाहून मी स्वतःच चकित झालो. गावात जिच्या रोवणीचं नाव घेत, ती कोपऱ्याच्या घरची म्हातारी काकी अकरा जणींत शेवटची आली. एक रोप लावून ती कमरेवर हात ठेवी, आभाळाकडे बघे, मग दुसरं उचले. आणि शेजारची सून, जिला सगळ्या गोगलगाय म्हणून चिडवत, ती पहिली. तिचे हात नुसते नाचत होते. मी मनात म्हटलं, पाहा, लोकांचा समज आणि मोजमाप यांत केवढं अंतर असतं!

संध्याकाळी मी वहिनीला यादी वाचून दाखवली.

"काकी शेवटली?" तिने विचारलं.

"हो."

"अना शेजारची सून पहिली?"

"दुपटीने पुढे आहे."

वहिनीने भाकरी थापता थापता हात थांबवला. "बाबू, घड्याळ बंद तं नोहतं ना?"

"वहिनी, मी तीनदा कानाला लावून पाहिलं."

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बरं. तू शिकून आला आहे. जसं लिहिलं तसं करू."

मी टोळीचे तीन भाग केले. वहीतल्या पहिल्या चौघी आणि वहिनी सर्वांत मोठ्या बांधीत. मधल्या चौघी दोन नंबरच्या बांधीत. काकी आणि तिच्यासारख्या 'मंद' दोघी, मिळून तिघी, पाटाजवळच्या सर्वांत लहान तुकड्यात. मंद बायकांनी घाई करू नये, अशी सूचनासुद्धा मी दिली. भावाने चिखलणी केली, मी सांगितलं त्या हिशेबाने पऱ्ह्यांच्या पेंड्या टाकल्या.

सूर्य दोन कासरे वर आला नसेल, तर काकीची बांधी संपली. तिघी हात धुऊन धुऱ्यावर बसल्या. काकीने कनवटीची डबी काढून तंबाखू मळायला घेतली. पुस्तकातले अ आणि ब कधी तंबाखू मळत नाहीत.

मी धावत गेलो. "काकी, मोठ्या बांधीत चला ना. तिकडे बरंच बाकी आहे."

"आमच्या नावानं एवढीच लिहिली आहे ना?" काकी म्हणाली. "आमी मंद बाया. घाई करू नोको म्हणून तूच सांगून राहिला होता."

मधल्या बांधीतून हसण्याचा फवारा उडाला. तिकडे मोठ्या बांधीत माझ्या पहिल्या नंबरवाल्या दुपारपर्यंत चौथाईसुद्धा गेल्या नव्हत्या. एकटी वहिनी पुढे निघून गेली होती, आणि तिच्यामागे पेंड्या उन्हात मान टाकत होत्या. त्यातून शेजारच्या सुनेने लावलेल्या पट्ट्यात पाणी हललं आणि रोपं सुटून वर आली. घाईत तिने ती चिखलात नीट खोवलीच नव्हती. बदकांच्या पिल्लांसारखी ती धुऱ्याकडे निघाली.

"बाबू," मधल्या बांधीतून कोणी तरी ओरडलं, "तुझी पहिली नंबरवाली धान रोवते का पोहणं शिकवते गा?"

दिवस मावळताना दीड बांधी झाली होती. बाकी होत्या साडेतीन, आणि दिवस दोन. पुढची पाळी ज्यांची, ते आजोबा मुद्दाम धुऱ्यावर येऊन सांगून गेले, "तुमच्या वहीत काई असो, परवाच्या दुसऱ्या दिवशी बाया माह्या बांधीत पाहिजे."

मग बायकांतली एक चिखलाचे पाय धुता धुता म्हणाली, "हे तीन तुकडे करायचं कोणाच्या डोस्क्यातून निघालं गा?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "माह्या. मीच बाबूले तसं लिहायले लावलं."

बायकांनी ते खरं धरलं, कारण आमच्या घरची ओळ दरसाल तीच लावी. मी बी.ए. होतो, गप्प बसलो.

अंधार पडायच्या आत मी काकीच्या घरी गेलो. ती बकरीला पाला टाकत होती.

"काकी, खरं सांगा, त्या दिवशी एवढं हळू काऊन रोवत होत्या?"

काकीने पाला खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवून, अगदी त्या दिवशीसारखंच, आभाळाकडे पाहिलं. मग हसायला लागली. "अरे लेकरा, सडकेच्या कामावर मी दोन उन्हाळे गिट्टी फोडली आहे. घड्याळवाला समोर उभा राहिला की हात आवरायचा. जिचा हात चालते तिच्याच पुढं मोठा ढीग टाकतेत. मी सगळ्याइले सांगितलं, हळू घ्या वो."

"आणि शेजारची सून?"

"तिले वाटलं, बाबूच्या वहीत आपलं नाव वर पाहिजे. सासरी दाखवायले."

म्हणजे माझी सगळी वही उलटी होती. जी खरोखर जलद ती शेवटी आणि जी मंद ती पहिली. मी खाली बसलो. मग हळूच विचारलं, "काकी, आता कसं लावू?"

"वहिनीनं पाठवलं का तुले?"

"हो," मी म्हणालो. ही त्या दिवसातली माझी दुसरी चूक. पहिली गप्प बसण्याची.

काकीने काडीने अंगणात रेघ ओढली. सगळ्या बायका एकाच ओळीत. जलद हाताच्या दोघी दोन टोकांना, एक-दोन मध्ये पेरलेल्या. मंद हाताची बाई दोन जलद हातांच्या मध्ये. ती मागे पडू लागली की दोन्हीकडच्या तिच्या पट्ट्यातलं थोडं थोडं खात जायच्या. तिचा पट्टा अरुंद होतो, ओळ सरळ राहते. कोणाला कमी म्हणावं लागत नाही, कोणी बसून राहत नाही. गाणं थांबू द्यायचं नाही, त्याच्या ठेक्यावर हात चालतात.

"पण दरसाल तं तुझी वहिनी अशीच ओळ लावते," काकी म्हणाली. "यंदा तिले काय झालं?"

 भाकरीवर थांबलेला तो हात मला आठवला. तिला सगळं ठाऊक होतं.

काकी यायला तयार झाली, पण एका अटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका ओळीत उभ्या राहिल्या तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आधी ह्याचा वेग मोजा."

मी धोतर खोचून बांधीत उतरलो. घड्याळ काकीच्या हातात. तिला ते वाचता येत नव्हतं, तिने ते कानाला लावलं आणि मन मानेल तेव्हा "झालं!" म्हणाली. वही शेजारच्या सुनेने धरली. मी पाच की पन्नास मिनिटांत किती रोपं लावली कोण जाणे, पण मोजून झाल्यावर सुनेने जाहीर केलं, "बाबू शेवटला! माह्यापेक्षाही शेवटला!" असा आनंद मी तिच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही.

मला ओळीच्या मधोमध, काकी आणि वहिनी यांच्यामध्ये उभं केलं. सुरुवातीला माझा पट्टा चार हातांचा होता. अर्ध्या बांधीत तो दोन हातांचा झाला. डावीकडून काकी खात होती, उजवीकडून वहिनी. धुऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा माझ्या वाट्याला एका रोपाची जागा उरली होती आणि ते रोपसुद्धा काकीने लावून टाकलं. ओळ मात्र कुठे वाकली नव्हती. नागपूरला चार वर्षांत जे शिकलो नव्हतो, ते त्या अर्ध्या दिवसात माझी कंबर शिकली.

दुसऱ्या दिवशी दोन बांध्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उरलेली दीड, तरंगलेल्या रोपांसकट. शेवटचं रोप लागलं तेव्हा पाण्यावर अजून तांबूस उजेड होता. भात वाचला. बायकांनी रिवाजाप्रमाणे घरधन्याला चिखल फासायचा म्हणून भावाला सोडून मलाच धरलं आणि वेळापत्रकाच्या दोन पानांसकट न्हाऊ घातलं.

पण जाता जाता त्यांच्यातली एक वहिनीच्या देखत म्हणाली, "पुढच्या साली ओळ लावायले काकीलेच बलावू. हिले आता भरवसा नाई राहिला."  वहिनी पेंड्यांच्या दोऱ्या गोळा करत राहिली. मी त्या दिवशीही खरं सांगितलं नाही. चार दिवसांनी माझा हुकूम आला आणि मी नोकरीच्या गावी निघून गेलो.

तिथे पहिल्या महिन्यात मी तीन पत्रं लिहून फाडली. चौथं टाकलं. ते असं:

तीर्थरूप वहिनी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. हे पत्र गुरुजी वाचून दाखवतील. गुरुजी, माझी एक विनंती आहे. कृपा करून हे पत्र घरात वाचू नका. सकाळी बायका पाण्याला जमतात तेव्हा विहिरीपाशी उभे राहून मोठ्याने वाचा, आणि काकी आल्याशिवाय सुरू करू नका.

बायांनो, टोळीचे तीन तुकडे करायचं माझ्या डोक्यातून निघालं होतं. वहिनीने ते लिहायला लावलं नाही. यादी ऐकताच तिला शंका आली होती आणि तिने मला घड्याळाबद्दल विचारलंही होतं. मी ऐकलं नाही. तिने माझी लाज राखायला तुमच्यासमोर दोष अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. काकी, मी त्या संध्याकाळी तुमच्याकडे आलो तो वहिनीने पाठवलं म्हणून नव्हे. मी खोटं बोललो. अंगणात तुम्ही जी रेघ ओढली ती वहिनीचीच ओळ होती, हे तुम्हीच सांगितलं होतं.

म्हणून पुढच्या सालची ओळ कोणी लावायची ते तुम्ही ठरवा, पण हे ऐकून ठरवा.

वहिनी, इथे शाळा चांगली आहे. मुलं गणिताला घाबरतात, मी त्यांना घाबरवत नाही. जेवणाची सोय एका घरी झाली आहे, भात मात्र आपल्यासारखा नाही. भादव्यात चार दिवस सुट्टी आहे, तेव्हा निंदणाला येतो. मला कोणत्या बांधीत उतरवायचं ते तूच सांग. गुरुजींकडून दोन ओळी लिहून पाठव, आणि विहिरीवर काय काय बोलणं झालं तेही, एकही शिवी न गाळता.

तुझा,
बाबू