रणगाड्याला सांगितलेलं स्थळ

"राजा, दमानं घे," असं मामा ज्याला म्हणत, ते यंत्रच असायचं. माणसांशी ते बेतानंच बोलत. ज्यूंच्या या नव्या देशात, लोद गावी, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत आणि स्टोव्हची समजूत घालताना जिन्यात ऐकू येत. नागावला त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. मामांचं लहानपण बैलामागं गोल फिरण्यात गेलेलं. इथं ते कारखान्यात होते, आणि मिलुईमला, म्हणजे राखीव फौजेत बोलावणं आलं की रणगाडा चालवत. आता तुम्हीच सांगा, त्यांना बैलात आणि रणगाड्यात फरक कशाला वाटावा?

चौसष्ट साली मीही सैन्यात होते. उत्तरेच्या सरहद्दीवर एका तंबूत कानाला हेडफोन लावून बसायचं, एवढंच माझं काम. मामांची तुकडी तिथंच आली. एका सकाळी पलीकडच्या टेकडीवरून तोफा सुरू झाल्या आणि आमचे रणगाडे पुढं गेले. तेवढ्यात मामांच्या रणगाड्यातलं वायरलेसचं बटण अडकलं. आतलं बोलणं सगळ्यांना ऐकू जाऊ लागलं आणि दुसऱ्या कुणाला बोलता येईना.

आमचा अधिकारी रुमानियाचा. त्यानं विचारलं, "ही कुठली भाषा? शत्रूची?"

"मराठी. आमच्या वरच्या मजल्यावरचे मामा आहेत."

"काय म्हणतायत?"

मामा म्हणत होते, "दमानं राजा. खड्डा हाय. काय रे, खालच्या मजल्यावरची पोरगी आपल्या सॅमीला कशी वाटते? नाक जरा मोठं हाय, पण चपात्या गोल करते."

सॅमी हा त्यांचा भाचा. मी म्हटलं, "इंजिन तापलंय म्हणतायत."

"इंजिनावर इतकं बोलले?"

"मराठीत वेळ लागतो."

मग मोठा आवाज झाला आणि हेडफोन गप्प झाला. अधिकारी माझ्या शेजारी येऊन वाकला. "बोलव त्याला," तो म्हणाला. नियम सोडून मी मराठीतच हाक मारली, "मामा, आहात ना?"

बराच वेळ नुसती खरखर. हादऱ्यानं ते बटण सुटलं असावं, कारण मामांना माझी हाक पोचली.

"कोण गो? तू हितं आत कशी आलीस?"

मला रडू आणि हसू एकदमच आलं. "मी तंबूत आहे. तुम्ही बरे आहात ना?"

"सगळी माणसं धड हायत. राजाचा पट्टा तुटला." मग म्हणाले, "तू कधीपासनं ऐकतेस?"

"सॅमीपासून."

"मग काय म्हणतेस?"

"काय म्हणतोय तो?" अधिकारी ओरडला.

"पट्टा तुटलाय, माणसं सुखरूप आहेत," मी हिब्रूत सांगितलं, आणि मराठीत मामांना म्हटलं, "नाही म्हणते."

"बरं," मामा म्हणाले. "घाई नाय."

त्याच वर्षी हिवाळ्यात सॅमीला किर्यात मलाखी या गावी नोकरी लागली आणि तो मामांना घेऊन गेला. आईनं वाटेसाठी डबा दिला, वर एक जिवंत कोंबडी दिली. मामा ट्रकमध्ये गाद्यांवर बसले होते. एका हातानं त्यांनी फळी धरलेली, दुसऱ्यात कोंबडी. ट्रक हलला तेव्हा निरोपाला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी कोंबडीच उंच धरली, आणि वळण येईपर्यंत ती तशीच धरून ठेवली.