पंचावन्नच्या पुढची थरथर

आमची गाडी पंचावन्नपर्यंत सभ्य होती. पंचावन्न ओलांडले की स्टिअरिंग हातात थरथरायला लागायचं, बासष्टला माझी मनगटं आणि समोर चिकटवलेला गणपती एका तालात नाचायचे, आणि पंचाहत्तरच्या पुढे काय होतं ते मला माहीत नाही, कारण तिथपर्यंत जायची हिंमत ना तिच्यात होती ना माझ्यात. मी तिचा चौथा मालक. घेताना ती मी बोईसर स्टेशनच्या आसपासच चालवून पाहिली होती आणि तिथं भर गर्दीत तिसऱ्या गिअरच्या वर कोणी जातच नाही. विकणाऱ्याला हे नक्की ठाऊक होतं. चावी देताना तो फार प्रेमानं हसला होता.

लाज वाटायची गोष्ट अशी की मी तारापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि पंपांची थरथर तपासणं हेच माझं काम आहे. पंपावर नुसता तळहात ठेवून बेअरिंग किती दिवस टिकेल ते मी सांगतो, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे.

तरी मी चालवून घेतलं असतं. पण सासरे मध्ये आले.

माझे सासरे समुद्रकाठी एडवणला एकटे राहतात. जन्म होडीवर गेला, आता होडी नाही, तर खडकांवर बसून गळ टाकतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस आवाजावरून आणि मासा ओढीवरून ओळखायचा, असं चाललेलं. पावसाळा संपता संपता शेवाळावरून पाय घसरून त्यांनी गुडघा फोडून घेतला, तेव्हापासून बायकोच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पुढच्या वेळी ते पाण्यातच पडतील आणि शेजाऱ्यांचा फोन येईल, एवढं एकच तिच्या डोक्यात. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उशीर करू नका. सासऱ्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि अट घातली.

"तुमची गाडी थरथरते. असल्या गाडीत बसून डोळ्याचं आपरेशन? परत येताना डोळा हातात येल. थरथर घालवा, मंग मी येतो."

"बाबा, मग रिक्षा करू ना," बायको म्हणाली.

"जावयाची गाडी दारात असताना मी भाड्यानं जाऊ? गाव काय म्हनंल?"

म्हणजे आता सासऱ्यांचे डोळे माझ्या पुढच्या दोन चाकांवर अवलंबून होते. मी थरथरीच्या नोंदींसाठी नवी वही काढली.

बायकोनं लगेच नियम केला: आधी फुकटच्या तपासण्या, मग स्वस्तातल्या, आणि ज्याचा गुन्हा सिद्ध झाला नाही असा एकही भाग बदलायचा नाही. बोईसरच्या एका मेकॅनिकनं गाडी न उघडताच बॉलजॉइंट, टायरॉड, बेअरिंग, सगळंच गेलंय म्हणून सांगितलं होतं; तिनं त्याला विचारलं की मग राहिलंय काय, आणि आम्ही परत आलो.

फुकटात बरंच काही करता येतं. चाकांचे नट आवळले. हवा तपासली. जॅक लावून चाक वरखाली हलवून पाहिलं, मग आडवं हलवून पाहिलं. कुठं खडखड नाही, म्हणजे बेअरिंग आणि सांधे निर्दोष. रिमच्या आतून वाळलेला चिखल खरवडून काढला. शेवटी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली, आणि काय आश्चर्य, थरथर स्टिअरिंगमधून उठून सीटखाली गेली! मी आनंदानं ओरडलो. बायको मागच्या सीटवर होती, ती पण ओरडली, पण आनंदानं नाही.

दोष चाकांचाच, हे सिद्ध झालं. टायरवाल्याकडे बॅलन्सिंग करून घेतलं. यात चाक यंत्रावर फिरवतात आणि जिथं हलकं भरेल तिथं रिमच्या कडेला शिशाचा एक छोटा तुकडा ठोकून बसवतात. वीस ग्रॅम, तीस ग्रॅम, एवढंच. टायरवाल्याला चारी चाकांचे पैसे देताना बायकोनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. परत येताना गाडी सत्तरला तुपासारखी चालली. मी तिथूनच सासऱ्यांना फोन लावला.

"अरे वा," ते म्हणाले. त्या 'अरे वा'मध्ये मला काही खटकायला हवं होतं. "मंग रविवारी जेवायला या. तारीख ठरवू."

रविवारी गेलो. बोंबलाचं कालवण, तांदळाच्या भाकरी, वर माडाखाली दुपारची झोप. मी साताऱ्याकडचा, माझं मासे खाणं लग्नानंतरचं आहे आणि नव्यानं धर्म घेतलेल्या माणसासारखं जरा जास्तच आहे. संध्याकाळी निघालो, माकुणसारच्या पुढे जरा सरळ रस्ता मिळाला, पंचावन्न झाले, आणि गणपती नाचायला लागला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन. "कशी गेली गाडी? थरथरली काय?" खोटं बोलायला हवं होतं. बोलता आलं नाही. "बघा," ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

पुन्हा बॅलन्सिंग. आठवडाभर कारखान्यात जाता-येता गाडी शांत. रविवारी एडवण, परतताना थरथर. आता मी रस्त्यावर संशय घेतला, मग खाऱ्या हवेवर, मग एडवणच्या वाळूवर. बायकोचा नियम मोडून स्टिअरिंगचा एक टायरॉडही बदलला. तो निर्दोष निघाला आणि मी घरी आठवडाभर शिक्षा भोगली. वहीत पानंच्या पानं भरली. आमच्या कारखान्यातला एखादा पंप दर रविवारीच बिघडला असता, तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, रविवारी पाळीला कोण होतं? गाडीच्या बाबतीत मला हा प्रश्न सुचला नाही. सासरा हा संशयितांच्या यादीत येत नाही, हीच माझी चूक.

तिसऱ्या वेळी टायरवाला चाकाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.

"साहब, ये गिरता नहीं है. किसी ने निकाला है." त्यानं रिमवर शिशाच्या रिकाम्या जागी बोट ठेवलं. तिथं पकडीचे दोन चकचकीत ओरखडे होते. "आपकी किसी से दुश्मनी है क्या?"

पुढच्या रविवारी जेवून मी माडाखाली पडलो आणि घोरायला लागलो. घोरणं मला चांगलं जमतं. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पाहिलं तर सासरे पकड घेऊन पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले. दिसत काहीच नव्हतं त्यांना. बोटं रिमच्या कडेवरून हळूहळू फिरत होती, मासा साफ करताना काटा शोधतात तशी. शिसं लागलं, की पकड, एक झटका, आणि तुकडा खिशात. मग पलीकडचं चाक. कामात सफाई अशी की आमच्याकडे फिटर म्हणून लगेच घेतला असता.

ते गळ घेऊन खडकांकडे निघाले तसा मीही मागून गेलो आणि शेजारी बसलो. गळाच्या दोरीला बांधलेलं वजन हातात घेतलं. त्यावर वीसचा आकडा होता.

"मामा, हे शिसं कुठून आणलं?"

त्यांनी तोंड समुद्राकडे फिरवलं. पकडले गेलो हे त्यांना कळलं होतं.

"बाजारात असा चांगला शिसा मिळत नाय," ते म्हणाले. "आनि एवढ्याश्यानं गाडीला काय होतंय?"

"एवढ्याश्यानंच सगळं होतं. आणि तुम्हाला ते पहिल्या रविवारपासून माहीत आहे."

मी खूप चिडलो होतो. तीन बॅलन्सिंग, एक टायरॉड, आणि बायकोच्या रात्रीच्या रात्री जागून गेलेल्या. हे सगळं बोलून टाकायचं ठरवूनच मी आलो होतो. पण त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली आणि त्यांना टोक सापडेना. चाचपडतच बोलले.

"तुमच्या सासूला पण गाडीतनंच नेलेली पालघरला. मी पोरीला म्हटलेलं, दोन दिसांत आयेला घेऊन येतो. पोरगी दारात बसून राहिली." मग म्हणाले, "मला भ्या वाटतंय. आनखी काय नाय."

माझी सासू मी पाहिलेली नाही. आमच्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेली. मला एकदम त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं. आणि आठवली ती वही. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत मी स्वतः लिहिलं होतं: पंचावन्नपर्यंत शांत. दीड महिना मी गाडी बरी करण्यात एवढा दंग होतो की सासऱ्यांना चाळीसनं नेता येईल हे आमच्या घरात एकालाही सुचलं नव्हतं.

"मामा, शिसं राहू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं. "मी चाळीसनं नेतो. चाळीसला ती थरथरतच नाही. आणि तुमची पोरगी या वेळी दारात बसणार नाही, तुमच्या शेजारी बसेल."

ते कितीतरी वेळ दुसरं कारण शोधत होते. चेहऱ्यावर दिसत होतं. सापडलं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही एडवणहून चाळीसनं निघालो. केळव्याच्या अलीकडे आम्हाला एका टेम्पोनं मागे टाकलं, मग भाजीच्या रिक्षानं, मग एका गतिरोधकापाशी सायकलवरच्या दोन शाळकरी पोरींनी, त्याही गप्पा मारत. सासरे मागच्या सीटवर बायकोचा हात धरून ताठ बसले होते. दवाखान्याच्या दारात त्यांनी तो सोडला नाही. नर्सनं एकेक बोट सोडवलं. आत ते पाऊण तास होते. बायको त्या वेळात बंद दारासमोरच उभी होती आणि मी कॉरिडॉरमधल्या पंख्याचं बेअरिंग किती दिवस टिकेल याचा हिशेब करत बसलो.

रात्री ते आमच्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी दोन बोटं दाखवली, सासऱ्यांनी दोन म्हणून सांगितलं आणि वर डॉक्टरांच्या शर्टाचं एक बटण तुटलंय हेही सांगितलं. काळा चष्मा लावून ते बाहेर आले आणि गाडीसमोर उभे राहिले.

इथं मला एक कबुली द्यायला हवी. आमच्या गाडीचं डावं दार दुसऱ्या गाडीचं आहे. गाडी पांढरी, दार मरून. बंपर तारेनं बांधलेला आहे. सासऱ्यांना हे आजवर दिसलं नव्हतं, आणि मी तरी कशाला सांगू?

"ह्या गाडीत बसून मी आलो?" ते म्हणाले. "ह्या?"

"बाबा, बसा," बायको म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

बसले. माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. पालघर सुटेपर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. पुढे माहीम गावच्या वाड्या लागल्या तशी वाचायला पाटी उरली नाही, मग नुसतेच बघत राहिले, माडांच्या शेंड्यांकडे. मग काटा बघितला.

"चाळीस?"

"चाळीसच मामा. ठरलंय ना आपलं."

"जोरात चला."

"मामा, पंचावन्नच्या पुढे थरथरेल. चाकांना शिसं नाही. डोळ्याला—"

"थरथरू द्या," ते म्हणाले. "घरी चाललोय मी."