मिनिटभराचा दम

त्या दुष्काळी उन्हाळ्यात लातुरात माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती आणि मी गाडी आणखी पळावी म्हणून तिचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बदलायला निघालो होतो. नवा परवडत नव्हता. औसा रोडवरच्या एका मिस्त्रीनं दोन जुने टर्बो पोत्यावर मांडले. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

मी मोठ्यावर बोट ठेवलं. त्यानं करंगळीनं दोन्हींची पाती फिरवून बघितली आणि धाकटा माझ्याकडे सरकवला. "मोठा लई उशिरा हवा भरतोय. तवर मागचा टेम्पो पुढं जातोय."

बसवताना म्हणाला, "पळवून आणली की लगेच बंद करायची न्हाई. मिनिटभर उभ्या जागी चालू ठेवायची. टर्बो तापलेला असतोय, हळूहळू निवू द्यायचा. उन्हातून आलेल्याला आपण आधी गूळ देतो, मग पाणी, का न्हाई, तसं."

तेवढ्यात गल्लीत टँकर आल्याची हाक आली. पाना टाकून तो दोन कॅन घेऊन पळाला. अर्ध्या तासानं धापा टाकत परतला, तेव्हा एकच कॅन भरलेला होता. पाण्याऐवजी लाकडाच्या भुशानं हात पुसून तो लगेच बॉनेटखाली वाकला.

"मिनिटभर दम घ्या की," मी म्हणालो.

"गाडी बंद केली तरी पुन्हा सुरू होती, साहेब," तो वाकलेलाच बोलला. "माझं तसं न्हाई. बसलो की उठणं होत न्हाई."

आजही दारात आलो की मी मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसतो. ते मिनिट खरं तर त्याचं होतं.