चार जपानी पोरांची आठवी तबकडी

मी फारसा बोलणारा माणूस नाही. सारी नोकरी लाखेच्या गोदामात गेली, तिथं बोलायची गरजही पडत नसे. त्यामुळे ही एक गोष्ट सांगायला मला तीस वर्षं लागली. सांगून झाल्यावर लिहायला मात्र वेळ लागला नाही.

पन्नासच्या दशकाचा शेवट. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणायचे आणि गडचिरोली त्याचाच एक तालुका होता. गडचिरोलीत माझा एक मित्र लाकडाच्या डेपोत कारकून होता. त्याचा मामा बोटीवर स्वयंपाकी. बोट मुंबईहून जपानला जायची. परतल्यावर मामा भाच्याला काहीतरी पाठवायचा. एकदा त्यानं फोनोची तबकडी पाठवली. पाकिटावर चार पोरांचं चित्र होतं. एकसारखे कोट, एकसारखा भांग, आणि चौघांच्याही माना एकाच बाजूला कललेल्या.

मित्राकडे वडिलांचा चावीचा फोनो होता. पिन टेकवली. पहिल्यानं एकट्यानं सुरुवात केली, दोघांनी खालून उचलून धरलं आणि चौथा, जाड आवाजाचा, ओळ संपली की नुसतं ‘हूं’ करायचा. शब्द एक कळत नव्हता. पण त्या ‘हूं’नं आम्हा दोघांना पार येडं केलं.

मग आम्ही तसाच भांग पाडू लागलो. शिंप्याला चित्र दाखवून तसे कोट शिवले, तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. ते घालून बाजारात गेलो तर पानवाला ओरडला, “काऊन बे, वरात कुठी सोडून आले?” आम्हाला त्याचं काही नव्हतं. मामाला पत्र गेलं: चौघांचं जे निघेल ते पाठव. पुढची चार वर्षं आम्ही पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून काढली. एखादी तबकडी वाटेतच फुटून यायची. तिचे तुकडेही आम्ही टाकले नाहीत. नावं जपानीत, वाचता येईनात, म्हणून आम्हीच ठेवली. एक ‘सासरी निघालेली’, एक ‘आगगाडी’, एक ‘पाऊस थांबला वाटते’. गाण्यातले शब्द ऐकू येतील तसे वहीत उतरवून पाठ केले.

कुठलीही तबकडी हातात घेतली की मला गोदामाचा वास यायचा. फोनोच्या तबकड्या तेव्हा लाखेच्या असत. कुसुमाच्या झाडावरची लाख गोंड माणसं टोपल्यांनी आमच्याकडे आणत, पुढं ती कुठल्याकुठं जाई. “आपलीच लाख जपानात जाऊन गाणं शिकून आली,” असं मी मित्राला म्हणायचो. तो म्हणायचा, “तू मात्र इथीच राह्यला, बिनगाण्याचा.”

सात धड तबकड्या झाल्या. आठवी आली तिच्याबरोबर मामाचं पत्र होतं. गुडघे गेले, बोट सोडली, आता ही शेवटची. मित्रानं ती पेटीत सगळ्यांत वर ठेवली आणि सांगितलं, “हे घराबाहेर जानार नाई.” पेटी त्याच्या घरी, फोनो त्याचा, मामा त्याचा. मी नुसता ऐकणारा.

वैशाखात तो कामासाठी दोन दिवस चांद्याला गेला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मी त्याच्या घरी गेलो, वहिनींनी चहा दिला आणि त्या आत वळल्या. मी पेटी उघडली आणि आठवी तबकडी पिशवीत घातली. आमच्या मालकाकडे फोनो होता. एकदा, एकट्यानं, कुणी शेजारी नसताना ऐकायची होती. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सायकलच्या हँडलला पिशवी लावली होती. खड्ड्यात आदळली. मालकाच्या ओसरीवर काढून पाहतो तर काठापासून आत केसाएवढी चीर. मी तबकडी वाजवलीच नाही.

दुसरा कुणी असता तर गप परत ठेवून आला असता. मी लाखेतला माणूस. आमच्याकडे विळ्याची मूठ ढिली झाली की लाख तापवून बसवतात, ती पक्की बसते. लाखेची चीर ऊब दिली की मिटते, हे मला माझ्या हाताइतकं ठाऊक होतं. संध्याकाळी गोदामाच्या मागं निखाऱ्यांवर पितळेची परात ठेवली आणि तिच्यात तबकडी. चीर मिटली. खरंच मिटली, शोधून सापडेना. पण उचलायला गेलो तोवर तबकडी मधून खोलगट झाली होती, पळसाच्या द्रोणासारखी. दगडाखाली दाबली, पाण्यात धरली. द्रोण तो द्रोणच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घेऊन मी मित्राच्या घरी गेलो. वहिनी विहिरीवर होत्या. अंगणात गोधड्या, पापड, डाळी, सगळं ऊन दाखवायला काढलं होतं, आणि त्यांच्यात तबकड्यांची पेटी. पेटीला वाळवी लागेल म्हणून त्यांनी तीही बाहेर आणली होती, झाकण उघडं ठेवून. नुकतीच आणली असावी, बाकीच्या तबकड्या जेमतेम कोमट होत्या. आणि मला हायसं वाटलं. तीस वर्षं मला टोचलं ते हे. वाकलेली तबकडी मी सगळ्यांत वर ठेवली आणि पेटी तशीच उन्हात सोडून निघून आलो.

मित्र परतला, पेटी उघडली. वरचीच वाकलेली, वर ऊन लागलं, खालच्या वाचल्या. हिशेब सरळ होता. तो वहिनींवर हात उगारणारा नव्हता, पण जीभ वाईट. माझ्यादेखत म्हणाला, “पापड वाळवाले सांगतलं होतं, हिनं जपान वाळवलं!” लोक हसले. मीही हसलो.

पुढं दर उन्हाळ्यात ते झालंच. पापड घातले की, “पापडच वाळव वो, जपान नको वाळवू.” वहिनीही हसायच्या. पण त्या पेटीला त्यांनी परत हात लावला नाही. घरात रेडिओ आला, त्याच्या खुंटीलाही नाही. “नोको, माझ्या हातानं बिघडते,” म्हणायच्या. पोरं झाली, सुना आल्या, तरी तेच.

गेल्या उन्हाळ्यात मित्र निवृत्त झाला आणि त्यानं टेपरेकॉर्डर घेतला. सातही तबकड्या त्यावर उतरवायचं ठरलं. मी फोनोची चावी फिरवणार, तो पिन टेकवणार. टेपची दोन बटणं एकदम दाबायला तिसरं माणूस हवं. त्यानं वहिनींना हाक मारली. त्या आल्या, हात पुढं केला आणि पदराखाली ओढून घेतला.

“मले नोको सांगू. मी मोडीन.”

“मोडन कायची? दाब!”

“भाऊजीले सांगा.”

माझा हात चावीवर होता. तो तिथंच राहिला आणि मी बोललो. पिशवी, खड्डा, परात, निखारे, द्रोण. पेटी उन्हात पाहून मला बरं वाटलं तेही सांगितलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटत होता.

मित्रानं पिन बाजूला ठेवली. वहिनींनी विचारलं, “पन पेटी तं मीच उन्हात ठेवली होती ना?”

“ठेवली होती. पण ती आदल्या संध्याकाळीच वाकली होती, वयनी.”

“आदल्या संध्याकाळी?”

“हो.”

“म्हंजे मी विहिरीवर गेली नसती, तरीबी?”

“तरीबी.”

त्या खाली बसल्या. मला वाटलं रडतील. त्या नवऱ्याकडे वळल्या, “आइकलं का? आता म्हना, जपान वाळवलं!” मग माझ्याकडे पाहून, “आन तुमी भाऊजी, तीस वर्सं माह्या हातचा चहा पेत राह्यले!”

“पेत राह्यलो.”

“गोड लागला?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पेटी पुढं ओढली, तळातून वाकलेली आठवी काढली आणि उजेडात फिरवून पाहिली. “चीर तं दिसत नाई,” म्हणाल्या. “जोड बाकी चांगला देल्ला.” मित्राला तिथं हसू फुटलं, आणि तो हसला तेव्हा मला इतक्या वर्षांनी पोटभर श्वास घेता आला. दोन दिवस तो माझ्याशी तुटक बोलला, तिसऱ्या दिवशी ‘काऊन बे’वर आला. पापडाचा विषय मात्र त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्या दुपारची टेप माझ्याकडे आहे, त्यानंच दिली. सुरुवातीला बटणं जोरात दाबल्याचा खाडकन आवाज येतो, मग वहिनी, “दाबलं. बरोबर हाय?” मित्र म्हणतो, “बरोबर हाय.” आणि मग चौघं सुरू होतात.