समासातली पेन्सिल

आमच्या भागातल्या साहेबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांची ग्रंथतुला झाली. तराजूच्या एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात पुस्तकं. दोन्ही पारडी बरोबरीत आली की टाळ्या, आणि मग ती पुस्तकं एखाद्या वाचनालयाला भेट. पूर्वी अशी तुला विद्वानांची करत. विद्वान बहुतेक काटकुळे असायचे, त्यामुळे ती परवडायची. आमच्या साहेबांच्या वजनाची पुस्तकं अख्ख्या भागात नव्हती. जी तूट पडली, ती माझ्या रोजनिशांनी भरून काढली.

मी निवृत्त सरकारी कारकून. नोकरीला लागलो तेव्हापासून रोज संध्याकाळी एक पान लिहितो, शाईच्या पेनानं. जाड पुठ्ठ्याची, शाई न फुटणाऱ्या कागदाची डायरी मिळावी म्हणून दर डिसेंबरात महाद्वार रोडवर दुकानदारांचं डोकं खातो. रविवारी कोमट पाण्यात निब धुतो, बोटं निळी करून घेतो. लोकांना मोबाईल चार्जिंगला लावल्याशिवाय झोप येत नाही, मला पेनात शाई भरल्याशिवाय येत नाही. अक्षर माझं देखणं आहे. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही. माझी बायको सगळ्यांना सांगायची, आमच्या वडलांनी अक्षर बघून मुलगी दिली, माणूस बघायचा राहून गेला.

लिहायचो मात्र अगदी भिकार. मिसळीचा कट पाणचट निघाला. शेजाऱ्यानं पुन्हा फाटकासमोर गाडी लावली. हातातल्या कादंबरीचा शेवट फसलाय. असलंच सगळं. पण त्यात चोरून ठेवण्यासारखं काही नव्हतं, डायरी टेबलावर उघडी पडलेली असायची आणि बायको ती रोज वाचायची. ती ब्लाऊज शिवायची. तिच्या कानामागे शिवणाची पेन्सिल खोचलेली असे. वाचून झालं की त्याच पेन्सिलीनं ती समासात उत्तर लिहायची. कापडावर खूण करतात तसं, अगदी हलक्या हातानं. मी लिहिलं असेल, आज आमटी अळणी होती, तर शेजारी तिचं: ‘खोटं. तोंड तुमचं अळणी.’ शेजाऱ्याच्या गाडीबद्दल: ‘त्याच्या तोंडावर बोला की. वहीला काय सांगताय?’ सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर तिरपं, एकेक ओळ डोंगर चढल्यासारखी वर जायची. मी चिडायचो. चांगली डायरी घाण करते म्हणून भांडायचो. ते भांडण मी लिहायचो आणि ती त्याच्याही समासात लिहायची.

ती जाऊन तीन वर्षं झाली. फोनमध्ये तिचे फोटो शेकड्यानं आहेत. सगळ्या फोटोंत ती कुणाच्या तरी लग्नात उभी राहून फोटोतला चेहरा करते आहे. ती बाई मला फारशी ओळखीची नाही. माझी बायको समासात होती. तिच्या शेवटच्या वर्षीच्या डायरीत एके दिवशी मी लिहिलं आहे, डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही. त्याच्या शेजारी तिनं लिहिलं, ‘बरं.’ त्यानंतरच्या पानांचे समास रिकामे आहेत.

ती गेल्यावर मी संध्याकाळी नवं लिहायच्या आधी एखादी जुनी डायरी काढून तिची उत्तरं वाचायचो. मला दुसरा कसला शौक नाही. तेवढ्यावर माझा दिवस ढकलत होतो.

आता चिरंजीवांबद्दल. एकुलता एक. साहेबांचं ‘डिजिटल’ तो बघतो. म्हणजे कुणाच्या मयताला साहेबांनी कुठल्या शब्दांत हळहळायचं आणि कुणाच्या वाढदिवसाला किती फुलं पाठवायची, हे त्यांच्या मोबाईलवरून तो ठरवतो. पुढंमागं वॉर्डाचं तिकीट मिळेल अशी आशा त्याला आहे. घरी आला की उभ्या उभ्या जेवतो. मी लिहीत बसलो की म्हणतो, “पप्पा, फोनवर बोललं तरी टाइप हुतंय आता. कशाला त्रास घेताय?” त्यानं माझी एक डायरी जन्मात उघडली नाही. उघडली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

ग्रंथतुलेसाठी आवाहन केलं होतं: हार नकोत, पुस्तकं आणा. हे आवाहन कोल्हापुरात. लोकांनी क्रेननं उचलायचा सफरचंदांचा हार आणला, फ्लेक्स लावले, ढोल आणले. पुस्तकं आणली ती आरत्यांची, पाककृतींची आणि मुलांची जुनी गाईडं. मी आदल्या दिवशी बिद्रीला बहिणीकडे गेलतो. परत आलो तो एसटीतून उतरून थेट मंडपात गेलो, पोराचा कार्यक्रम म्हणून. मागच्या एका खुर्चीवर जागा मिळाली.

साहेब फुलांनी सजवलेल्या पारड्यात मांडी घालून बसले होते. समोरच्या पारड्यात पुस्तकांची चळत वाढत होती आणि साहेब जमिनीवरून हलत नव्हते. हसू येऊ लागलं तसे लोक तोंड फिरवू लागले. निवेदक घामाघूम झाला. तेवढ्यात माझा मुलगा स्टेजच्या मागून दोन खोकी घेऊन आला. पहिल्या खोक्यात माझ्या कपाटातली पुस्तकं होती. त्यांचं मला काही वाटलं नाही, खरंच नाही. पुस्तकं पुन्हा मिळतात. दुसऱ्यातून माझ्या डायऱ्या निघाल्या. जाड पुठ्ठ्याच्या होत्या, वजनाला चांगल्या. एकेक पडू लागली तसे साहेब वर यायला लागले.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, अहो, त्या माझ्या आहेत, पुस्तकं नाहीत ती. पुढं जायला लागलो तर छातीवर बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“पावणं, बसून घ्या. मागच्यास्नी दिसत न्हाई.”

ज्या भागात माझा जन्म गेला तिथं मी पावणा झालो. पारडी बरोबरीत आली, टाळ्या पडल्या. निवेदकाला चेव आला. त्यानं वरची डायरी उघडली आणि माइकवर वाचलं, “आज थालीपीठ जळलं, सांगितलं तर दोन तास अबोला.” मंडप खदाखदा हसला. साहेबही पारड्यात हलून हलून हसले. निवेदकानं फक्त शाईचं वाचलं. समासातलं त्याला उजेडात दिसलं नसावं, नाहीतर दुप्पट हशा मिळाला असता.

घरी आल्यावर मी मुलाला शिव्या घातल्या. त्यानं त्या फोन बघत बघत ऐकून घेतल्या.

“वजन कमी पडत हुतं, पप्पा. साहेबांची इज्जत जायची येळ आलती. आणून देतो की उद्या.”

तो उद्या उजाडला नाही. पुस्तकं टेम्पोतून उचगावच्या एका वाचनालयाला गेल्याचं कळलं. मी रोज विचारायचो, तो रोज ‘व्हय व्हय’ म्हणायचा. शेवटी मीच उचगावला गेलो. तिथल्या बाईंनी माझी पुस्तकं दाखवली, शिक्के मारून कपाटात लावली होती. हातानं लिहिलेलं आम्ही दाखल करून घेत नाही, म्हणाल्या. ते खोकं साहेबांच्या ऑफिसची पोरं परत घेऊन गेली. ऐकून मला इतका आनंद झाला की त्यांच्याकडे चहा मागून प्यालो. खोकं परत आलं म्हणजे घरीच येणार, एवढा साधा हिशेब केला.

पुढच्या रविवारी मुलगा बसून जेवला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जेवण झाल्यावर त्यानं टॅब काढून माझ्या मांडीवर ठेवला. चेहऱ्यावर लहानपणी बक्षीस आणल्यावर असायचा तसला आनंद.

“बघा. तुमच्या सगळ्या डायऱ्या. ऑफिसातल्या पोरांनी आठ-धा दिवस बसून स्कॅन केल्यात. एक पान सोडलं न्हाई. शिव्या घालत हुता की मला!”

मी पहिलं पान बघितलं. माझं अक्षर काळंभोर, छापल्यासारखं. कागद दुधासारखा पांढरा. दुसरं पान बघितलं, मग एकदम मधलं. मग भराभर बोट ओढत गेलो.

“डाग, पिवळेपणा, सुरकुत्या, सगळं आपोआप काढतंय ॲप,” तो म्हणाला. “जुन्या वह्यांत लई घाण हुती.”

“वह्या कुठं आहेत?”

“त्या कशाला आता? वाळवी लागती. रद्दीवाला आलता, त्यात दिल्या. कागदाच्या गिरणीत गेल्या असतील एव्हाना.”

मी पानं ओढत राहिलो. पाणचट कट होता. शेजाऱ्याची गाडी होती. बायकोला मी ज्या ज्या दिवशी टाकून बोललो ते सगळे दिवस शाबूत होते, सुवाच्य, माझ्या देखण्या अक्षरात. तिनं मला जिथं जिथं खोटं पाडलं होतं तिथं स्वच्छ पांढरं होतं. आता जगात आमच्या संसाराची एकच बाजू उरली आहे आणि ती माझी आहे. मी जे लिहिलं ते सगळं खरं ठरलं.

मला त्याला सांगायची गरज नव्हती. शहाण्या बापानं गिळलं असतं. ‘छान केलंस बाळा’ म्हणाला असता आणि पोरगं आयुष्यभर समाधानात राहिलं असतं. आई गेली तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाला होता, पप्पा, आईचा आवाज असलेलं एकपण रेकॉर्डिंग न्हाई माझ्याकडं. ते मला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच सांगितलं.

समासात तुझी आई होती, मी म्हणालो. रोज, पेन्सिलीनं. तुझ्याबद्दलही लिहायची. तू दहावीला नापास झालास त्या दिवशी मी पानभर तुला लाखोली वाहिली होती. तिनं शेजारी तुझ्या बाजूनं पानभर लिहिलं होतं.

तो आधी हसला. मग त्यानं माझ्या मांडीवरचा टॅब ओढून घेतला. दहावीचं वर्ष शोधलं, जूनमधलं ते पान काढलं. माझी लाखोली ठणठणीत होती. शेजारच्या पांढऱ्यावर त्यानं दोन बोटं ठेवून पान मोठं केलं. मग अजून मोठं केलं. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता उजेड त्याच्या तोंडावर पडला होता.

“दिसंना, पप्पा,” तो म्हणाला.

“मोठं कर,” मी म्हणालो. “अजून मोठं कर.”