दहा बोटांचं तिकीट

माझा धाकटा भाऊ एर्मेस वेर्चेल्ली शहरातल्या भातगिरणीत राबला, पण गावात त्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. मान म्हणून नव्हे, मेले टोमणा मारायचे! त्र्याहत्तर साली ‘काचेची गिरणी’ नावाच्या बँडबरोबर त्याने एक रेकॉर्ड काढली होती. अख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं, आणि मध्ये एर्मेसचं ऑर्गन असं काही धावतं की मलाच धाप लागते. तेव्हा कुत्र्यानेही ती विकत घेतली नाही. बँड फुटला. पुढे गिरणीच्या पट्ट्यात एर्मेसच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बारमध्ये लोक म्हणाले, बरं झालं, आता पत्ते तरी नीट पिसेल.

म्हातारपणी कुठून कोण जाणे, त्या रेकॉर्डचे भक्त उगवले. बँडचा म्होरक्या कोर्रादो मिलानहून आला. नोवाराच्या नाट्यगृहात कार्यक्रम होता, पोस्टरवर सगळी मूळ नावं हवी होती. एर्मेसने तीन बोटांचा उजवा हात पुढे केला. कोर्रादो म्हणाला, “चालेल रे.”

मग काय, हिवाळाभर हा चर्चच्या हार्मोनियमवर. उरलेल्या आठ बोटांसाठी त्याने ते सगळं धावणं नव्याने बसवलं. काही सूर गाळले, काही डाव्या हाताला दिले. बोटं सुजायची, मी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि शिव्या घालायची. पण खरं सांगते, फार गोड वाजवायचा. त्याला एकच हवं होतं, गावाने एकदा ऐकावं.

गाव बस करून आलं. मी टॉवेल घेऊन रंगमंचाच्या कडेला उभी. एर्मेसचा तो तुकडा सुरू झाला. त्याने गाळलेले सूरसुद्धा वाजत होते. त्यालाही ते ऐकू आलं असावं. त्याने हात उचलून मांडीवर ठेवले. ऑर्गन धावतच होतं. पडद्यामागे मिलानचा कुणी भाडोत्री वादक बसवला होता, आणि माझ्या भावाच्या ऑर्गनचा आवाज बंद! समोरच्यांना ऑर्गनमागे त्याची फक्त मान दिसत होती. थोड्या वेळाने तो ती डोलवू लागला.

टाळ्या थांबेनात. गाववाले त्याला मिठ्या मारत होते. जपानहून आलेल्या एका भल्या माणसाने रेकॉर्ड पुढे केली आणि मोडक्या इटालियनमध्ये म्हणाला, अगदी हिच्यासारखंच वाजवलंत. एर्मेसने सही केली.

मी कोर्रादोची कॉलरच धरणार होते. एर्मेसने मला मागे सारलं.

“एकदा ऐकायचं तरी होतंस माझं,” तो म्हणाला.

“ऐकलं होतं. चर्चबाहेर उभा राहून,” कोर्रादो म्हणाला. “छान वाजवतोस, एर्मेस. पण रेकॉर्डवर तुझी दहा बोटं आहेत. लोकांनी त्या दहांचं तिकीट काढलंय.”

कोर्रादोने त्याच्या खांद्यावर थाप मारली. “तोरिनोच्या कार्यक्रमाला येशील ना?”

“येईन,” माझा भाऊ म्हणाला.

त्या दिवसानंतर तो हार्मोनियमला शिवला नाही. तोरिनोला मात्र नवा कोट शिवून गेला.